सहा विषय आणि एकटा लेखक: वेबसाइट किती असाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांना सहा विषयांवर लिहायचे आहे: सायकलदुरुस्ती, घरगुती सुतारकाम, घरातली झाडे, मत्स्यालय, छायाचित्रण आणि बुद्धिबळ. काम एकट्यानेच करायचे आहे आणि तेही नोकरी सांभाळून. उत्पन्न जाहिराती आणि ॲफिलिएट लिंक (जिच्यावरून कोणी खरेदी केली की विक्रेता कमिशन देतो, अशी लिंक) यांतून यावे, अशी अपेक्षा आहे. सहाही विषयांची डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नोंदवलेले पत्ते, घेऊन ठेवलेली आहेत. सहा लहान वेबसाइट काढाव्यात, की सगळे एकाच मोठ्या वेबसाइटवर आणावे, याबद्दल परस्परविरोधी सल्ले मिळाल्यामुळे निर्णय अडला आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. वेबसाइट एकच काढा, पण ती सहा विषयांची काढू नका. एकमेकांना लागून असलेले दोन विषय निवडा, निदान पहिले वर्षभर तेवढेच लिहा आणि उरलेले चार बाजूला ठेवा. हे उत्तर तुमच्या दोन्ही पर्यायांत बसत नाही, याची मला कल्पना आहे. परंतु तुम्ही ज्याला वेबसाइटच्या संख्येचा प्रश्न म्हणता, तो माझ्या मते विषयांच्या संख्येचा प्रश्न आहे.

हिशेब करून पाहा. प्रत्येक विषयावर चाळीस लेख धरले, तर सहा विषयांचे २४० लेख होतात. वर्षातून एकदा प्रत्येक लेख उघडून त्यातली माहिती तपासणे, बंद पडलेल्या लिंक बदलणे, बाजारातून गेलेल्या वस्तूंचे उल्लेख काढणे आणि वाचकांच्या शंकांवरून भर घालणे, यासाठी सरासरी दोन तास धरले, तरी ४८० तास लागतात. रोज संध्याकाळी दीड तास मिळत असेल, तर वर्षातल्या ३२० संध्याकाळी केवळ जुने लेख सांभाळण्यात जातील आणि नवे काही लिहिलेच जाणार नाही. हे लेख एका डोमेनवर आहेत की सहा डोमेनवर, याने या आकड्यात काहीच फरक पडत नाही. सहा वेबसाइट केल्यास त्यावर आणखी काम चढते: सहा डोमेनची नूतनीकरणे, सहा ठिकाणचे सॉफ्टवेअर आणि प्लगइन (त्याला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणे, सहा बॅकअप, सहा गोपनीयता धोरणे, सहा न्यूजलेटर. यांपैकी एकही काम अवघड नाही. पण एखादी वेबसाइट तीन महिने दुर्लक्षित राहिली की तिच्यातल्या जुन्या प्लगइनमधून घुसखोरी होऊ शकते आणि ती बहुधा मालकाच्या आधी वाचकांच्या लक्षात येते.

आता ‘अनेक लहान वेबसाइट काढा’ हा सल्ला आला कुठून, ते पाहू, कारण एके काळी त्यात तथ्य होते. वेबसाइटवर जाहिराती लावून देणारी गूगलची ॲडसेन्स सेवा २००३ मध्ये सुरू झाली आणि छोट्या वेबसाइटलाही जाहिरात विभाग न ठेवता उत्पन्न मिळू लागले. त्या काळात लोक जे शब्द टाइप करून शोधतात, तेच शब्द जोडून डोमेन घेतले आणि त्यावर दहा-वीस पाने टाकली, तर शोधनिकालात वरची जागा मिळणे शक्य होते. अशा पन्नास वेबसाइट काढून त्यांतल्या पाच चालल्या तरी गणित जमत असे. पुढे हे गणित टप्प्याटप्प्याने मोडत गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने निकृष्ट मजकुराला शोधक्रमवारीत मागे टाकणारा पांडा हा बदल आणला, एप्रिल २०१२ मध्ये कृत्रिम लिंकवर रोख असलेला पेंग्विन आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये केवळ शब्द जुळणाऱ्या डोमेनला मिळणारा फायदा कमी करण्यात आला. मार्च २०१५ मध्ये, एकाच वाचकाला वेगवेगळ्या दारांतून एकाच ठिकाणी आणणाऱ्या पानांविरुद्धही स्वतंत्र बदल झाला. आज कोणी तुम्हाला शब्द जुळणारी सहा डोमेन घ्यायला सांगत असेल, तर तो सल्ला त्या जुन्या काळाचा आहे.

यावरून मोठी वेबसाइट सुरक्षित असते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पांडाच्या पहिल्याच फेरीत अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल बदलले आणि त्याचा मोठा फटका प्रचंड आकाराच्या, हजारो विषयांवर घाऊक लेख छापणाऱ्या वेबसाइटना बसला. त्या बदलातली महत्त्वाची गोष्ट अशी होती, की काही पाने निकृष्ट असली तर त्यांचा परिणाम संपूर्ण वेबसाइटवर होऊ शकत होता. हबपेजेस या लेखसंग्रहाने २०११ मध्ये प्रत्येक लेखकाला स्वतंत्र सबडोमेन (मुख्य डोमेनच्या आधी वेगळे नाव जोडून केलेला उपपत्ता) देऊन चांगले लेखन वाईट लेखनापासून वेगळे करण्याचा प्रयत्न केला. आणि २०१६ पासून त्याच कंपनीने निवडक लेख काढून विषयवार वेगळ्या वेबसाइटवर न्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या, उपयुक्त मजकूर ओळखण्याच्या गूगलच्या यंत्रणेनेही वेबसाइटकडे एकसंध घटक म्हणून पाहिले. त्याच यंत्रणेच्या सप्टेंबर २०२३ च्या आवृत्तीत अनेक लहान, स्वतंत्र, एका विषयाच्या वेबसाइटची वाचकसंख्या कोसळली. मार्च २०२४ मध्ये ही यंत्रणा मुख्य क्रमवारीत विलीन झाली आणि त्याच वेळी, स्वतःच्या नावलौकिकाच्या आड इतरांचा असंबद्ध मजकूर छापू देणाऱ्या मोठ्या वेबसाइटविरुद्ध नवे धोरण जाहीर झाले. म्हणजे काही वर्षे लहानांवर घाव पडतो आणि काही वर्षे मोठ्यांवर. शोधयंत्राचा सध्याचा कल पाहून जो रचना ठरवतो, त्याला ती दर दोन वर्षांनी मोडावी लागते, आणि एकट्या माणसाला ते परवडत नाही.

मोठ्या वेबसाइटच्या बाजूने सर्वांत जास्त दिले जाणारे कारण म्हणजे लिंकचे बळ. ‘एका डोमेनवर सगळे असले की एका लेखाला मिळालेली लिंक सगळ्यांना उपयोगी पडते’ असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये मांडलेली पेजरँकची पद्धत पानाकडून पानाकडे जाणाऱ्या लिंक मोजते. एखाद्या पानाला मिळालेले महत्त्व, त्या पानावरून जिथे जिथे लिंक जातात तिथे तिथे वाटले जाते. तुमच्या सायकलच्या साखळीवरील लेखाची कोणी शिफारस केली, तर त्याचा लाभ त्या लेखातून जोडलेल्या इतर लेखांना पोहोचतो. साखळीच्या लेखातून गिअर जुळवण्याच्या लेखाकडे लिंक देणे स्वाभाविक आहे. हत्यारांची निवड, बोल्ट किती घट्ट आवळावा, गंज कसा काढावा यांमार्फत सुतारकामापर्यंतही जाता येते. पण तिथून बुद्धिबळातल्या सुरुवातीच्या चालींकडे लिंक कशी देणार? दिली तरी वाचक त्यावर क्लिक करणार नाही. म्हणून एकत्र असण्याचा फायदा शेजारच्या विषयांनाच मिळतो, आणि सहा असंबद्ध विषयांची एक वेबसाइट ही लिंकच्या दृष्टीने एकाच छपराखालच्या सहा वेबसाइटच असते.

तुमच्या यादीकडे या नजरेने पाहिले तर दोन जोड्या दिसतात. सायकलदुरुस्ती आणि सुतारकाम यांचा वाचक बराच समान आहे: स्वतःच्या हाताने काम करणारा, हत्यारे विकत घेणारा, काम बिघडले की फोटो आणि आकृती शोधणारा. झाडे आणि मत्स्यालय यांच्यामधला दुवा त्याहून घट्ट आहे. मत्स्यालयात लावलेल्या पाणवनस्पतींना प्रकाश, खत, कार्बन डायऑक्साइड आणि शेवाळ यांचे जे प्रश्न पडतात, त्यांतले अर्धे कुंडीतल्या झाडांच्या ज्ञानातूनच सुटतात. आणि मत्स्यालयातून काढलेले पाणी कुंड्यांना घालावे का, हा प्रश्न दोन्हीकडचे वाचक विचारतात. छायाचित्रण आणि बुद्धिबळ मात्र या दोन्ही जोड्यांबाहेर, एकेकटे उभे आहेत. मला निवड करायची झाली असती, तर मी झाडे आणि मत्स्यालय ही जोडी घेतली असती, कारण तिच्यातले प्रश्न ऋतूंनुसार परत परत येतात आणि वाचकाला पुन्हा यावेसे वाटते. सायकल दुरुस्त झाली की वाचक निघून जातो. तुमचा हात सायकलवर अधिक चालत असेल, तर अर्थातच तिकडे जा.

अनेक वेबसाइटच्या बाजूने दुसरे मोठे कारण दिले जाते ते जोखमीचे: एक बुडाली तर बाकीच्या तारतील. हे ऐकायला पटते, पण जोखीम तेव्हाच विभागली जाते जेव्हा एकाचे बुडणे दुसऱ्याच्या बुडण्याशी जोडलेले नसते. तुमच्या सहाही वेबसाइटचा लेखक एक, लिहिण्याची पद्धत एक, वाचक आणणारे शोधयंत्र एक आणि पैसे देणारी ॲफिलिएट योजनाही बहुधा एकच असेल. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या ॲफिलिएट योजनेचे दर अनेक वर्गांत खाली आणले. गृहसजावट, घरदुरुस्ती, बागकाम आणि पाळीव प्राण्यांच्या वस्तू यांवरचे कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तुमच्या सहापैकी निदान तीन विषय थेट या वर्गांत मोडतात. त्या योजनेवर ज्याच्या तीन वेगळ्या वेबसाइट होत्या, त्याच्या तिन्हींचे उत्पन्न एकाच दिवशी घसरले. जोखीम खरोखर कमी करायची असेल, तर उत्पन्नाचे आणि वाचक येण्याचे मार्ग वाढवायला हवेत: ईमेलने पोहोचणारे न्यूजलेटर, स्वतः तयार केलेली पुस्तिका किंवा अभ्यासक्रम, एकाहून अधिक विक्रेत्यांशी करार, आणि शोधयंत्राविना थेट नाव टाइप करून येणारा वाचक. हे सगळे एका वेबसाइटसाठी उभे करणेच वर्ष-दोन वर्षांचे काम आहे. सहांसाठी ते होत नाही.

थेट येणारा वाचक हा मुद्दा गेल्या काही वर्षांत अधिकच महत्त्वाचा झाला आहे. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत शोधनिकालांच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दाखवायला सुरुवात केली आणि पुढे ही सोय इतर अनेक देशांत नेली. ‘या झाडाला आठवड्यातून किती वेळा पाणी घालावे’ अशा एका ओळीच्या प्रश्नाचे उत्तर आता वाचकाला तिथेच मिळते. एका विषयाच्या लहान वेबसाइट बहुतांशी अशाच प्रश्नांवर उभ्या होत्या. जिथे स्वतः केलेली तुलना, स्वतः काढलेले फोटो, वर्षभर ठेवलेल्या नोंदी आणि फसलेल्या उपायांचीही माहिती असते, तिथे वाचक अजूनही येतो आणि लेखकाचे नाव लक्षात ठेवतो. शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या मूल्यमापकांना गूगलने दिलेल्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये प्रत्यक्ष अनुभव हा निकष जोडला, तो याच दिशेचा होता. असा अनुभव एकाच वेळी सहा विषयांत नव्याने मिळवता येत नाही.

मोठ्या संस्थांनी काय केले, याची दोन उलट दिशांची उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. अबाउट डॉट कॉम ही वेबसाइट १९९७ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि शेकडो विषयांवर स्वतंत्र मार्गदर्शक नेमून ती मोठी झाली. न्यूयॉर्क टाइम्स कंपनीने २००५ मध्ये ती सुमारे ४१ कोटी डॉलरना घेतली आणि २०१२ मध्ये ३० कोटींना विकली. नव्या मालकांच्या काळात, २०१६ पासून, तिचे तुकडे करण्यात आले: आरोग्यासाठी एक वेबसाइट, अर्थव्यवहारासाठी दुसरी, घरासाठी तिसरी, तंत्रज्ञानासाठी चौथी, अशा रीतीने. २०१७ मध्ये जुने नावही गेले आणि कंपनी डॉटडॅश झाली. सर्व विषयांच्या एका नावावर आरोग्याचा सल्ला घ्यायला वाचक कचरत होता, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्या तुकड्यांमागे प्रत्येकी वेगळे संपादक, वेगळे तज्ज्ञ आणि वेगळा खर्च होता, आणि जुने लेख मोठ्या प्रमाणावर काढून टाकून उरलेले नव्याने सजवले गेले.

उलट दिशेचे उदाहरण वायरकटरचे. २०११ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या शिफारशींसाठी सुरू झाली आणि नंतर घरगुती वस्तूंसाठी तिची स्वीटहोम ही वेगळी वेबसाइट निघाली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१६ मध्ये दोन्ही घेतल्या आणि २०१७ मध्ये त्या एकाच नावाखाली आणल्या. वस्तू वेगळ्या असल्या तरी वाचकाचा विश्वास एकाच कारणाने होता: हे लोक वस्तू वापरून पाहतात आणि एकच नाव सुचवतात. माझ्या मते एकत्र ठेवायचे की वेगळे करायचे, याची सर्वांत भरवशाची कसोटी हीच आहे. वाचक ज्या कारणासाठी तुमचे ऐकतो ते कारण दोन्ही विषयांत सारखे असेल, तर विषय एकत्र नांदतात. ते वेगळे असेल, तर मांडणी कितीही सुबक केली तरी वाचक दुसऱ्या विभागात पाऊल टाकत नाही.

स्वतंत्र वेबसाइट काढण्याची काही ठोस कारणेही आहेत, आणि ती मी कमी लेखणार नाही. आरोग्य किंवा पैसा यांसारखा विषय, ज्यात चुकीच्या माहितीने माणसाचे नुकसान होते, तो छंदांच्या वेबसाइटवर ठेवूच नये. एखाद्या विषयाची जबाबदारी दुसरी व्यक्ती पूर्णपणे घेत असेल, तर तिला वेगळे घर मिळणे योग्य आहे. सर्वांत बळकट कारण विक्रीचे आहे. पुढेमागे वेबसाइट विकण्याचा विचार असेल, तर एका विषयाची, स्वतःचे वेगळे हिशेब, वेगळे ॲफिलिएट खाते आणि वेगळी ईमेल यादी असलेली वेबसाइट खरेदीदाराला चटकन समजते आणि सहज हस्तांतरित होते. मोठ्या वेबसाइटमधला एक विभाग कापून विकणे कटकटीचे असते, कारण नाव आणि लिंक मागे राहतात. तुमच्या प्रश्नात विक्रीचा उल्लेख नाही, म्हणून मी हे कारण निर्णायक मानलेले नाही. तो हेतू असेल, तर माझे उत्तर ‘दोन शेजारचे विषय’ याऐवजी ‘एकच विषय’ असे होईल. सहा वेबसाइट मात्र तेव्हाही नाहीत.

जून २०१९ मध्ये गूगलने जाहीर केले, की एका शोधाच्या वरच्या निकालांत एकाच वेबसाइटचे सहसा दोनपेक्षा जास्त निकाल दाखवले जाणार नाहीत. त्यावरून काही जण निकालांत जास्त जागा मिळवण्यासाठी एकाच विषयाच्या दोन-तीन वेबसाइट काढतात. त्यासाठी एकच गोष्ट तीन वेळा, तीन वेगळ्या उपयोगांसाठी लिहावी लागते. हे प्रामाणिकपणे कोणी करत नाही, आणि शब्द फिरवून केलेले लेखन वाचकाचा वेळ वाया घालवते. हा मार्ग धरू नये. त्याचप्रमाणे, पुढे कधी दुसरी वेबसाइट काढलीच, तर स्वतःची ओळख करून देणाऱ्या पानावर तिचा उल्लेख जरूर करा. पण प्रत्येक पानाच्या तळाशी कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) भरलेल्या लिंक लावून आपल्याच वेबसाइटची साखळी करू नका. शोधयंत्रे ती सहज ओळखतात.

आता रचनेविषयी, कारण पुढचे पर्याय खुले ठेवण्याचे काम इथे होते. वेबसाइटचे नाव विषयाने बांधलेले नसावे. उच्चारायला सोपे आणि दुसरा विषय सामावून घेणारे असावे. प्रत्येक विषय मुख्य डोमेनखाली आपापल्या फोल्डरमध्ये ठेवा, त्या फोल्डरचे स्वतःचे प्रवेशपान करा, वाचकसंख्येची नोंद विषयवार वेगळी ठेवा आणि न्यूजलेटरची यादीही विषयानुसार खुणा करून ठेवा. सबडोमेन की फोल्डर या वादात गूगलची भूमिका दोन्ही चालतील अशीच आहे. एकट्या माणसाला फोल्डर सांभाळायला सोपा जातो, म्हणून मी तो सुचवतो. अशी मांडणी असली की दोन वर्षांनी मत्स्यालयाचा विभाग फार वाढला आणि त्याचे वाचक झाडांकडे फिरकतच नाहीत असे आकड्यांवरून दिसले, तर तो फोल्डर उचलून नव्या डोमेनवर नेता येतो.

नेण्याची वेळ आली, तर प्रत्येक जुन्या पानाला त्याच्याशी जुळणाऱ्या नव्या पानाकडे कायमस्वरूपी म्हणजे ३०१ प्रकारचे रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्याकडे वळवणारी सोय) द्या. सगळी जुनी पाने नव्या मुख्यपानाकडे वळवली, तर शोधयंत्र ती बहुधा हरवलेली पाने समजते आणि मिळवलेल्या लिंकचे मोल जाते. रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवावेत, अशी गूगलची सूचना आहे. डोमेन हातात असेपर्यंत ते काढू नयेत, असे माझे मत आहे. सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेतले पत्ता बदलाचे साधन संपूर्ण डोमेन किंवा सबडोमेन हलवताना चालते, एक फोल्डर हलवताना नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. स्थलांतर आणि रूपबदल एकाच वेळी करू नका, अन्यथा घसरण झाली तर ती कशामुळे झाली हे कळत नाही. काही आठवडे वाचकसंख्या खालीवर होईल, म्हणून हे काम त्या विषयाच्या मंदीच्या महिन्यांत करावे.

राहिला प्रश्न घेऊन ठेवलेल्या सहा डोमेनचा. त्यांवर एकेक लेख टाकून ती जिवंत असल्याचा देखावा करू नका. ती नव्या वेबसाइटकडे वळवण्यातही लाभ नाही, कारण ज्या पत्त्याला कोणी लिंक दिलेली नाही, तो वळवून पुढे पोहोचण्यासारखे काहीच नसते. त्यांतले एखादे नाव पुरेसे व्यापक असेल तर तेच मुख्य वेबसाइटसाठी वापरा आणि बाकीची मुदत संपेल तेव्हा सोडून द्या. मग निवडलेल्या जोडीतल्या एका विषयावर, वाचकाला दुसरीकडे जावेच लागू नये असे पंचवीस-तीस लेख पूर्ण करा. दुसऱ्या विषयाचा फोल्डर त्यानंतरच उघडा. छायाचित्रणाचे तुमचे कौशल्य तोवर वाया जाणार नाही, कारण पानांवरची कीड, मुळांची कूज आणि शेवाळाचे प्रकार नेमके दाखवणारे फोटो या विषयांत फार थोड्या वेबसाइटवर सापडतात.